धारच्या किल्ल्यात जन्मलेला ‘एक’ अंकाचा पेशवा

धार : मूलांक १ म्हणजे सूर्याचा अंक. या अंकाची माणसं जन्मजात पुढारी, महत्त्वाकांक्षी, कुणाच्या हाताखाली न राहणारी, असं अंकशास्त्राचं कुठलंही पुस्तक उघडलं तरी वाचायला मिळतं. महिन्याच्या १, १०, १९ आणि २८ तारखेला जन्मलेले सगळे या अंकात मोडतात. मराठी इतिहासातला एक माणूस या हिशेबात अगदी फिट्ट बसतो. जन्म १० तारखेचा, मृत्यू २८ तारखेचा. दोन्हींची बेरीज एकच, १. त्याच्या हाती पुण्याची सत्ता होती आणि त्याचं नावही बाजीराव होतं. पण हा राऊ नव्हे, त्याचा नातू. मराठी राज्य ज्याच्या हातून गेलं तो शेवटचा पेशवा, दुसरा बाजीराव.

त्याचा जन्म पुण्याच्या शनिवारवाड्यात झाला नाही. तो झाला माळव्यात, धारच्या पवारांच्या किल्ल्यात, १० जानेवारी १७७५ रोजी. आजही महाराष्ट्रातून मांडूला जाणारी मंडळी धारवरून पुढे जातात. त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की शहरालगतच्या त्या लाल दगडी किल्ल्यात एका पेशव्याचा पाळणा हलला होता.

आईबरोबर वेढ्यात

या जन्माच्या मागे एक खून आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांची हत्या झाली आणि संशय काका रघुनाथरावांवर, म्हणजे राघोबादादांवर आला. दादा काही महिने पेशवे झाले खरे, पण नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी बारभाईंचं कारस्थान उभं केलं. १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या मागे पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि दादांच्या पायाखालची जमीन सरकली.

दादा इंग्रजांची मदत मागायला गुजरातकडे निघाले. पत्नी आनंदीबाई गरोदर होत्या. त्यांना धारच्या खंडेराव पवारांच्या आसऱ्याला ठेवलं. बाळ जन्मलं तेव्हा बाप मुलखाबाहेर होता आणि पुण्याची फौज दादांच्या मागावर होती. दोन महिन्यांतच, मार्च १७७५ मध्ये, दादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. इकडे धारच्या किल्ल्याला वेढा पडला. अखेर पवारांना किल्ला सोडावा लागला आणि आई व तान्हं मूल पुणेकरांच्या ताब्यात गेलं.

अंक बघणारा म्हणेल, १० ही तारीख चढउताराची आहे. पण ते मूल वेढ्यात सापडलं त्याला कारण तारीख नव्हती. कारण होतं बापाचं राजकारण.

पहारेकऱ्यांच्या नजरेखाली

१७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि राघोबादादांचा डाव कायमचा संपला. कुटुंब गोदाकाठी कोपरगावला आलं. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १७८३ मध्ये, दादा वारले. त्यानंतर धाकट्या चिमाजी अप्पांचा जन्म झाला. दत्तक भाऊ अमृतराव, बाजीराव आणि चिमाजी ही तीन मुलं आनंदीबाईंबरोबर नाशिकजवळच्या आनंदवल्लीला राहिली. राहिली म्हणजे नजरकैदेतच. १७९४ मध्ये आनंदीबाई गेल्या आणि मुलांची रवानगी शिवनेरीवर झाली.

वयाच्या विशीपर्यंत बाजीरावाने मोकळं जग पाहिलंच नाही. संस्कृत, धर्मशास्त्र आणि घोड्यावर बसणं हे शिक्षण झालं. दिसायला देखणा, बोलायला गोड. पण भोवती जे कोणी होते त्यातला नोकर कोण आणि नानांचा हेर कोण हे कळायला मार्ग नव्हता. त्याच वयाच्या आसपासच्या सवाई माधवरावाशी त्याचा चोरून पत्रव्यवहार सुरू झाला, तोही नानांच्या कानावर गेला आणि पहारा आणखी कडक झाला. गोड बोलावं, मनातलं सांगू नये, कुणावर विश्वास टाकू नये, हे धडे याच काळात गिरवले गेले. पुढची तेवीस वर्षं तो याच धड्यांवर चालला.

ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यातल्या गच्चीवरून खाली पडले आणि दोन दिवसांनी वारले. वय २१. गादीला वारस उरला तो राघोबादादांचाच वंश. नानांना हे नको होतं. वर्षभर पुण्यात असा खेळ चालला की सकाळचा मित्र संध्याकाळी शत्रू व्हावा. मध्ये चिमाजी अप्पांना दत्तक देऊन पेशवेपदावर बसवूनही झालं. शेवटी डिसेंबर १७९६ मध्ये बाजीरावाला वस्त्रं मिळाली. एक अंकाचा माणूस गादीवर बसला.

राज्य होतं, भरवसा नव्हता

बाजीराव गादीवर आला तेव्हा तिजोरी रिकामी होती आणि पुण्यात दौलतराव शिंद्यांची फौज पगारासाठी हटून बसली होती. पैसा उभा करण्यासाठी शहरातल्या सावकारांवर जुलूम झाले. १७९७ च्या अखेरीस नानांना पकडण्यात आलं, मग पुन्हा सोडून कारभारात घेतलं. मार्च १८०० मध्ये नाना वारले आणि जुन्या कारभाराचा शेवटचा खांब पडला.

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आलं. बाजीरावाच्या साऱ्या आयुष्यातला सर्वात महागडा निर्णय हाच. विठोजींचे भाऊ यशवंतराव होळकर पुण्यावर चालून आले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या लढाईत शिंदे-पेशव्यांची फौज उधळली गेली. बाजीराव आधी सिंहगड, मग रायगड, महाड असं करत कोकण किनाऱ्याला गेला आणि तिथून इंग्रजांच्या आसऱ्याने वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईच्या तहावर सही केली. इंग्रजी फौज पदरी ठेवायची, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून द्यायचा आणि परराज्यांशी बोलणी इंग्रजांना विचारून करायची, असा तो करार. मे १८०३ मध्ये तो इंग्रजांच्या संगिनींच्या सोबतीने पुण्याला परतला. गादी परत मिळाली, पण तिचा आधार आता दुसऱ्याच्या हातात होता.

कुणाच्या हाताखाली न राहणारा, असं ज्या अंकाचं वर्णन आहे त्या अंकाच्या माणसाने हा तह केला.

मुहूर्त, अनुष्ठानं आणि आमराया

बाजीराव कमालीचा श्रद्धाळू होता. श्रावणात पुण्यात होणारा दक्षिणेचा सोहळा, अनुष्ठानं, तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजनं यांवर त्याने मुक्त हस्ताने खर्च केला. प्रस्थान ठेवायचं तर मुहूर्त पाहून. नारायणरावांच्या खुनाचं पाप आपल्या घराला लागलं आहे ही भीती त्याच्या मनातून गेली नाही आणि त्या आत्म्याच्या शांतीसाठी त्याने आंब्याची असंख्य झाडं लावली, असं त्या काळच्या इंग्रजी लेखनात सांगितलं आहे.

पण एक गोष्ट इथे ध्यानात घ्यायला हवी. त्याच्या दरबारातल्या कोणत्याही जोशाने १० जानेवारी या तारखेवरून त्याचं भविष्य सांगितलं नसेल. त्यांच्या पंचांगात ती तारीखच नव्हती. त्यांच्या लेखी जन्म होता शके १६९६ च्या पौष शुद्ध पक्षातला. कुंडली मांडायची ती तिथी, नक्षत्र, वेळ आणि ग्रहस्थान पाहून. तिथी एका पक्षात पंधराच्या पुढे जातच नाही, म्हणजे मृत्यूची ‘२८’ हा आकडा पंचांगात उमटणंच शक्य नाही. तो मृत्यू पौष वद्य पक्षातला. म्हणजे १ आणि १ ची जी जोडी आज जुळलेली दिसते ती इंग्रजी कॅलेंडरने जुळवली आहे.

आजचं मूलांकशास्त्र त्याच्या काळात या रूपात नव्हतं. जन्मतारखेचे आकडे मिळवून स्वभाव सांगायची पद्धत जगभर गाजवली ती किरो या नावाने प्रसिद्ध झालेल्या आयरिश ज्योतिषाने (१८६६-१९३६). गंमत अशी की आपण ही विद्या कोकणातल्या जोशांकडून शिकलो असं तो सांगत असे. एकाला सूर्य, दोनाला चंद्र, तीनाला गुरू, आठाला शनी, नवाला मंगळ ही वाटणी आपल्याकडच्या पुस्तकांत आहे तीच त्याच्या पुस्तकातही आहे.

पुणे ते अशीरगड

वसईच्या तहानंतरची चौदा वर्षं बाजीरावाने एका बाजूला इंग्रजांशी गोड बोलत आणि दुसऱ्या बाजूला सुटकेची वाट शोधत काढली. १८११ पासून पुण्यात एल्फिन्स्टन रेसिडेंट होता. १८१२ मध्ये पंढरपूरला झालेल्या करारात सांगली, मिरज, जमखंडीकडच्या दक्षिणी जहागीरदारांचा आणि पेशव्यांचा तंटा इंग्रजांनी मध्ये पडून मिटवला. म्हणजे घरच्या सरदारांवरही पेशव्याचा शब्द पुरेसा राहिला नव्हता.

जुलै १८१५ मध्ये बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरात खून झाला. ठपका आला पेशव्याचा लाडका कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. इंग्रजांनी त्याला ठाण्याला कैद केलं, तो १८१६ मध्ये निसटला. जून १८१७ मध्ये पुण्याचा तह लादला गेला आणि मराठी मंडळाचं प्रमुखपणसुद्धा बाजीरावाला सोडावं लागलं.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. बापू गोखले रणात, पेशवा पर्वतीवर. बारा दिवसांत पुणं गेलं. मग सुरू झाली धावपळ. पुढे पेशवा, मागे इंग्रज. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीला बापू गोखले पडले आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. त्याच सुमारास मन्रोने दक्षिणेकडचे किल्ले घेतले, एप्रिलमध्ये बेळगावचा किल्लाही पडला. बाजीराव चांद्याकडे गेला, सिवनीजवळ त्याची उरलीसुरली फौज फुटली आणि तो अशीरगडाजवळ येऊन थांबला. धार तिथून फार लांब नाही. जन्म झाला त्याच बाजूच्या मुलखात तो पुन्हा वेढला गेला. ३ जून १८१८ रोजी तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला.

आणखी एक जुळणी आहे. त्यानंतर सात महिन्यांनी धार संस्थानाने इंग्रजांचं संरक्षण पत्करलं, तो तह १० जानेवारी १८१९ चा. बाजीरावाचा तो चव्वेचाळिसावा वाढदिवस. अंकांवर श्रद्धा असणाऱ्याला हे पुरेसं वाटेल. पण देवासच्या पवारांचा तह आधीच, डिसेंबर १८१८ मध्ये, झाला होता. माळव्यातली संस्थानं त्या हिवाळ्यात एकामागून एक तह करत होती. कुणाची तरी तारीख कुठेतरी जुळणारच.

आठ लाखांचा हिशेब

माल्कमने बाजीरावाला वर्षाला ८ लाख रुपये देण्याचं कबूल केलं. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली, पण दिलेला शब्द मोडता आला नाही. वय ४३, प्रकृती यथातथा. हा माणूस किती वर्षं जगणार, असा कंपनीचा अंदाज होता असं सांगतात. अंदाज साफ चुकला. कानपूरजवळ गंगाकाठच्या बिठूरला बाजीराव साडेबत्तीस वर्षं जगला. आठ लाखांच्या हिशेबाने कंपनीला सुमारे २ कोटी ६० लाख रुपये मोजावे लागले.

अंकशास्त्रात ८ हा शनीचा, सगळ्यात धास्तीचा आकडा. गाडीच्या नंबरात तो नको म्हणून लोक जास्तीचे पैसे भरतात. बाजीरावाच्या बाबतीत मात्र हाच आठ शेवटपर्यंत घर चालवत राहिला.

बिठूरला त्याच्यामागे हजारो मराठी माणसं गेली. घाट, देवळं, पूजा, लग्नं, सणवार असं लहानसं पुणंच तिथे वसलं. हा पेशवा तिथे इंग्रजांशी भांडला नाही. उलट अफगाण युद्धाच्या वेळी कंपनीला पाच लाखांचं कर्जही दिलं. पोटचा मुलगा जगला नाही, म्हणून १८२७ मध्ये धोंडोपंत याला दत्तक घेतलं. तेच पुढे नानासाहेब पेशवे. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला. त्याने कुटुंबासाठी २८ लाखांची मालमत्ता ठेवल्याचं कारण पुढे करत लॉर्ड डलहौसीने नानासाहेबांचं पेन्शन नाकारलं. सहा वर्षांनी कानपूर पेटलं. त्याच १८५७ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी धारच्या किल्ल्याला वेढा घालून तटाला भगदाड पाडलं. संस्थान जप्त झालं, ते १८६० मध्ये पवारांना परत मिळालं.

एकाच अंकाची माणसं

बिठूरच्या त्याच वाड्यात मोरोपंत तांब्यांची मुलगी मनू वाढली. तीच झाशीची राणी लक्ष्मीबाई. त्यांच्या जन्मवर्षाबद्दल मतभेद आहेत, पण तारीख सगळीकडे १९ नोव्हेंबर अशीच साजरी होते. १ अधिक ९ म्हणजे १०, म्हणजे पुन्हा १. वाडा एक, अंक एक. एकाने ८ लाखांवर शस्त्र ठेवलं. दुसरीने जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ शस्त्र हातात असताना प्राण सोडला.

देवासकडे पाहिलं तर आणखी एक ‘एक’ सापडतो. पवार बंधूंच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात चामुंडेच्या टेकडीखाली दोन गाद्यांवर बसत. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव यांचा जन्म १ जानेवारी १८८८ चा. १९०८ मध्ये त्यांचं लग्न कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्येशी झालं. १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक त्यांच्या पदरी चिटणीस होता. कृष्णभक्त, हुशार, लोभस माणूस. पण संसार मोडला, संस्थान कर्जात बुडालं आणि ते फ्रेंचांच्या पाँडिचेरीला निघून गेले. १९३७ मध्ये तिथेच वारले. मुलगा विक्रमसिंह पुढे कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आला.

दोन राजे, दोघांचा शेवट परमुलखात, दोघांचा अंक १. राणीचं उदाहरण बाजूला ठेवलं तर सिद्धांत उभा राहतो. पण बाजूला का ठेवायचं? वर्षाच्या ३६५ दिवसांत मूलांक १ चे ४८ दिवस येतात. म्हणजे साधारण दर आठ माणसांमागे एक जण या अंकाचा. एवढ्या गर्दीतून पळालेले राजे शोधले तर ते सापडतील आणि लढलेले शोधले तर तेही.

नऊ अंकाचंही तसंच. थोरला बाजीराव १८ ऑगस्टचा, सवाई माधवराव १८ एप्रिलचा, दोघंही मंगळाचे. पहिल्याने लढाई हरली नाही. दुसरा एकविसाव्या वर्षी गच्चीवरून पडून गेला. आणि नामांक म्हणावा तर थोरला आणि दुसरा दोन्ही बाजीरावांच्या नावांची अक्षरं तीच आहेत. नर्मदाकाठी रावेरखेडीला थोरल्याचा मृत्यू झाला तो २८ एप्रिलला, नातवाचा २८ जानेवारीला. नाव तेच, मृत्यूची तारीख तीच. मधल्या आयुष्यात मात्र काहीच सारखं नाही. आजोबांनी धार आणि देवास पवारांकडे सोपवून माळव्यात मराठ्यांचा पाय रोवला. नातू त्याच माळव्यात आसऱ्याला जन्मला.

अंकाने स्वभाव कळतो असं मानणाऱ्यांची संख्या आज कमी नाही. मुलाचं नाव ठेवताना, मोबाईलचा नंबर घेताना, लग्न जुळवताना आकडे पाहिले जातात. त्यात मनाला धीर मिळत असेल तर कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते माणसाची पारख आकड्यावर सोडली की. धारच्या वेढ्यात सापडलेल्या, वीस वर्षं पहाऱ्यात वाढलेल्या पोराची भीती समजून घ्यायची असेल तर आनंदवल्ली आणि शिवनेरीकडे पाहावं लागतं. आणि विठोजी होळकरांना हत्तीच्या पायी देण्याचा, वसईला सही करण्याचा जाब विचारायचा असेल तर तो बाजीरावालाच विचारावा लागतो. १० तारखेला नाही.